काबेटोगामा तलावाची उन्हाळी सहल: पहाटेची होडी कोणाला?

प्रेषक: सहल समिती, ईगन

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

यंदाच्या उन्हाळी सहलीसाठी मिनेसोटाच्या उत्तर टोकाजवळचा काबेटोगामा तलाव निश्चित झाला आहे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात चार रात्रींसाठी काठावरच्या एका रिसॉर्टमधील सात केबिन आणि सहा होड्या आपण राखून ठेवल्या आहेत. ट्विन सिटीजहून (मिनियापोलिस-सेंट पॉलहून) क्लोकेटपर्यंत आणि पुढे ५३ क्रमांकाच्या महामार्गाने व्हर्जिनिया, कुक व ऑर ही गावे मागे टाकत गेल्यास साधारण पाच तास लागतात. तलाव व्हॉयेजर्स राष्ट्रीय उद्यानात येतो. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानाचा सुमारे चाळीस टक्के भाग पाण्याखाली आहे. उद्यानाला प्रवेशशुल्क नाही.

हाच तलाव का, असे अनेकांनी विचारले. उद्यानातील रेनी, नामाकन आणि सँड पॉइंट या तलावांच्या पाण्यातून कॅनडाची सीमा जाते. काबेटोगामा मात्र पूर्णपणे मिनेसोटात आहे. आपल्यातील बरीच कुटुंबे कामाच्या व्हिसावर आहेत आणि उन्हाळ्यात अनेकांचे आईवडील भारतातून आलेले असतात. माशाच्या मागे जाताना होडी नकळत सीमेपलीकडे गेली, अशी धास्ती कोणालाही वाटू नये, हा आमचा मुख्य विचार होता. तरीही सर्वांनी पासपोर्ट आणि व्हिसाची मूळ कागदपत्रे सोबत ठेवावीत.

आता अडचण सांगतो. मासेमारी गटाने पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळांसाठी सहाही होड्या मागितल्या आहेत. छायाचित्रण गटाचीही मागणी नेमकी याच वेळांची आणि सहाही होड्यांची आहे. दिवसाचे उरलेले तास कोणालाच नको आहेत. त्या दिवसांत तिथे सूर्य सव्वापाचच्या सुमारास उगवतो आणि रात्री नऊ वाजून गेल्यावर मावळतो, त्यामुळे दिवस मोठा आहे. तरी आग्रह याच वेळांचा का, हे दोन्ही गटांनी लिहिल्यास वाटणी न्याय्य करता येईल.

आपला,
सहल समितीचा समन्वयक

---

प्रेषक: छायाचित्रण गट, रोचेस्टर

समन्वयक दादा आणि सर्व मंडळींना नमस्कार.

आमच्या आग्रहाचे पहिले कारण लून हा पक्षी आहे. लून हा मिनेसोटाचा राज्यपक्षी. त्याचे डोके काळेभोर असते आणि अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी असते, त्यामुळे भर उन्हात काढलेल्या छायाचित्रात एकतर काळ्यातला तपशील बुडतो किंवा पांढरा जळून जातो. सूर्य क्षितिजाजवळ असतानाच दोन्ही रंग एका चित्रात मावतात आणि त्याच्या डोळ्यातला माणकासारखा लाल रंग उजळतो. जूनच्या अखेरीस पिल्ले नुकतीच अंड्यातून बाहेर आलेली असतात आणि पहिले काही दिवस आईबापांच्या पाठीवर बसून फिरतात. हे दृश्य पाण्याच्या पातळीवरून, म्हणजे होडीतूनच टिपावे लागते. नऊनंतर वारा उठला की आरशासारखे पाणीही राहत नाही. होडीत तिपाईचा काही उपयोग होत नाही, त्यामुळे आमची सारी भिस्त स्थिर पाण्यावर आणि स्थिर हातावर असते.

मात्र आमच्या गटाने स्वतःला काही बंधने घालून घेतली पाहिजेत आणि ती मी सर्वांसमोर मांडते. लूनचे पाय शरीराच्या अगदी मागच्या बाजूला असल्याने त्याला जमिनीवर नीट चालता येत नाही. म्हणून तो घरटे पाण्याच्या कडेलाच बांधतो, आणि वेगाने गेलेल्या होडीच्या लाटेने अंडी वाहून जाऊ शकतात. पक्षी पाण्यावर उभा राहून पंख आपटू लागला, तर तो नाचत नसून आपल्याला हाकलत असतो. ज्याला हसण्याची उपमा देतात तो थरथरता आवाजही भीतीचा असतो. मागे एकदा मी स्वतः अशा ‘नृत्याची’ पन्नासेक छायाचित्रे आनंदाने काढली होती. अर्थ कळल्यावर ती संग्रहातून काढून टाकली. त्यामुळे लांब पल्ल्याचे भिंग नसेल त्यांनी लूनच्या जवळ जाण्याचा हट्ट धरू नये आणि होडीचे इंजिन लांबवरच बंद करावे.

आकाशगंगेविषयीही काहींनी विचारले आहे. हे उद्यान २०२० पासून मान्यताप्राप्त ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारे उद्यान, आहे, पण जूनच्या अखेरीस इतक्या उत्तरेला मध्यरात्रीच्या आसपास जेमतेम थोडा वेळ पूर्ण अंधार होतो. ताऱ्यांसाठी ऑगस्ट उत्तम असतो. परंतु तेव्हा काबेटोगामाचे पाणी शेवाळामुळे हिरवट होते आणि आपल्याकडे श्रावणही आलेला असतो, म्हणून समितीने निवडलेला आठवडाच मला योग्य वाटतो.

आपली,
छायाचित्रण गटाची सभासद

---

प्रेषक: मासेमारी गट, मेपल ग्रोव्ह

ताई, आपले पत्र दोनदा वाचले. आपल्या आणि आमच्या आग्रहामागचे कारण एकच आहे, ते म्हणजे तिरपा उजेड.

आम्हाला हवा असलेला मासा म्हणजे वॉलाय, मिनेसोटाचा राज्यमासा. त्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून अंधूक उजेडात त्याला भक्ष्यापेक्षा चांगले दिसते. ऊन चढले की तो खोल पाण्यात उतरतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला खडकाळ उथळ भागात शिकारीसाठी वर येतो. दुपारी गळाला लागलाच तर बहुधा नॉर्दर्न पाइक लागतो. तोही चवीला चांगला, पण त्याच्या मांसात इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचे काटे असतात आणि ते काढायला हात बसलेला लागतो. वॉलायचे मांस पांढरे आणि सौम्य असते. आगळ, हळद, तिखट लावून रव्यात घोळवून तव्यावर टाकला, तर मुलेही मागून घेतात.

मी रेवदंड्याचा. आमच्या किनाऱ्यावर जून-जुलैचे एकसष्ट दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून पुन्हा होड्या लोटतात. विणीच्या काळात मासा राखायचा, हे आम्ही लहानपणापासून पाहिले आहे. इथे तीच गोष्ट वेगळ्या रीतीने करतात. या तलावावर वॉलाय मोजून पाहावा लागतो आणि ठरावीक मधल्या लांबीचा असेल तर लगेच परत सोडावा लागतो, कारण अंडी घालणाऱ्या माद्या बहुतेक त्या आकाराच्या असतात. यंदाची लांबी आणि संख्येची मर्यादा राज्याच्या नियमपुस्तिकेत पाहून मी प्रत्येक होडीत मोजपट्टीसह चिकटवून ठेवीन. तीस फुटांहून खोल पाण्यातून ओढलेल्या माशाचा वायुकोश फुगतो आणि सोडल्यावरही तो बरेचदा जगत नाही, म्हणून जो सोडावा लागण्याची शक्यता आहे तो मासा इतक्या खोलात धरूच नये, अशी माझी विनंती आहे.

सोडायच्या माशाचे छायाचित्र अवश्य काढावे, पण हात आधी ओले करावेत, एक हात पोटाखाली देऊन मासा आडवा धरावा आणि कॅमेरा तयार असल्याशिवाय त्याला पाण्याबाहेर काढू नये. जबड्याला धरून उभा लोंबकळवलेला मासा मला पाहवत नाही.

शेवटी ताईंच्या लूनविषयी. हा पक्षी अन्न दळण्यासाठी तळाचे खडे गिळतो आणि त्यांच्याबरोबर गळाच्या तुटलेल्या दोरीचे शिशाचे वजन पोटात गेले, तर तेवढ्या एका तुकड्याने मरतो. कथील आणि टंगस्टनची वजने महाग पडतात, तरी आपल्या सहलीत शिसे नसावे. माझ्या पेटीतली शिशाची वजने मी या आठवड्यात घातक कचऱ्याच्या केंद्रात देऊन येईन आणि सर्वांसाठी कथिलाची वजने माझ्याकडून आणीन.

आपला,
मासेमारी गटाचा एक ज्येष्ठ सभासद

---

प्रेषक: सभासद, प्लिमथ

नमस्कार काका, नमस्कार दादा.

माझे सासूसासरे कोल्हापूरहून आले आहेत. मामंजींना रंकाळ्यावर गळ टाकून बसायची जुनी आवड आहे, पण सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत. मामंजींना परवाना लागेल का, आणि सासूबाईंसाठी त्या वेळात काय करता येईल? मुले आठ आणि अकरा वर्षांची आहेत.

आपली,
प्लिमथची सभासद

---

प्रेषक: सहल समिती, ईगन

वहिनी, मामंजींना परराज्यातील व्यक्तीचा परवाना घ्यावा लागेल. तो २४ तास, ७२ तास किंवा सात दिवसांसाठी मिळतो. मुले सोळा वर्षांखालील आणि इथली रहिवासी असल्याने त्यांना परवान्याची गरज नाही. लाइफ जॅकेट मात्र मुलांनी धक्क्यावरही घालायचे आहे आणि मामंजींनी होडीत. सासूबाईंसाठी एका केबिनचे स्वयंपाकघर पूर्ण शाकाहारी ठेवले आहे. मासे साफ करण्याची रिसॉर्टची खोली वेगळी आहे, त्यामुळे केबिनमध्ये वास येणार नाही. एके दिवशी एल्सवर्थ रॉक गार्डन्सला होडीने जाऊ. शिकागोच्या एका कंत्राटदाराने १९४४ पासून वीस वर्षांहून अधिक काळ उन्हाळ्यात येऊन इथल्या खडकावर बासष्ट वाफे आणि सुमारे दोनशे दगडी शिल्पे उभारली. सासूबाईंना ते आवडेल असे वाटते. ऑरजवळ व्हिन्स शूट अभयारण्यात उंच मचाणावरून काळी अस्वले पाहता येतात. एका संध्याकाळी तिथेही जाता येईल.

काका आणि ताई, तुमच्या पत्रांमुळे वाटणी सोपी झाली. दोघांनाही हवा असलेला उजेड एकच आहे आणि दोघांनाही होडी संथ व शांत हवी आहे, तर गट वेगळे करण्याचे कारण उरत नाही. म्हणून पहाटे आणि संध्याकाळी प्रत्येक होडीत दोन गळवाले आणि दोन कॅमेरावाले बसतील. पहाटेच्या फेरीत पहिला तास होडी उपसागराच्या तोंडाशी थांबेल, तेव्हा गळ टाकावेत आणि लून आपणहून जवळ आला तर छायाचित्रे घ्यावीत. नंतर जागा बदलायची की नाही, हे त्या दिवशी ताईंनी ठरवावे. संध्याकाळच्या फेरीत तो अधिकार काकांचा. होडी बाहेर काढताना तळाचे बूच उघडून सर्व पाणी काढून टाकण्याची जबाबदारी सुकाणू धरणाऱ्याची आहे, कारण काटेरी पाणपिसू हा बाहेरून आलेला उपद्रवी बारीक जीव आहे; ती या तलावात आधीच शिरली आहे आणि ती आपल्या हातून दुसऱ्या पाण्यात जाता कामा नये.

होड्यांची नावनिशीवार यादी रविवारी पाठवतो. ज्यांना पहाटे उठणे शक्य नाही त्यांनी शनिवारपर्यंत कळवावे, म्हणजे त्यांची जागा प्रतीक्षायादीतील सभासदांना देता येईल. काका, कथिलाच्या वजनांचा खर्च मंडळ देईल. पावती जपून ठेवावी.

आपला,
सहल समितीचा समन्वयक