ऐरोलीतल्या नव्या गाडीला पूर्ण पीपीएफ (रंग जपणारी पारदर्शक फिल्म) करावा का? माझं मत: फक्त पुढचा भाग झाका

कासारवडवलीकर
गेल्या दसऱ्याला घेतलेली गाडी. परवा रविवारी निवांत धुतली आणि उन्हात बॉनेटवरून हात फिरवला, तर टवके मोजून अकरा. त्यातला एक मला चांगला आठवतो. जूनमध्ये वसईहून रात्री परत येत होतो. गायमुखच्या घाटात पुढे खडीचा डंपर, ताडपत्री अर्धवट बांधलेली. शेजारी खड्डे, त्यामुळे लेन बदलता येईना. टक्‌ असा आवाज झाला. घरी येऊन मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर मोहरीएवढा ठिपका. पावसाळा संपला की बघू म्हणून सोडून दिला. आता त्याला तांबूस कडा आली आहे आणि नख लावलं की कडेचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

हे लिहितोय कारण बहीण पुढच्या महिन्यात गाडी घेतेय. ऐरोलीला राहते, नोकरी महाप्यात. शोरूमने तिला अख्ख्या गाडीला पीपीएफ म्हणून ९५ हजार सांगितलेत, वर सिरॅमिक (रंगावरचा पातळ चकचकीत लेप) आणि अंडरबॉडी कोटिंग (गाडीच्या पोटाला मारायचा थर) वेगळं. माझं म्हणणं, अख्खी गाडी झाकू नये. खडी लागते ती बंपर, बॉनेट, आरसे आणि चाकांच्या मागच्या खालच्या पट्टीला. तेवढ्यालाच चांगली टीपीयू (लवचीक, चिवट प्लास्टिकची) फिल्म लावावी आणि बाकी कुठे टवका उडाला तर आठ दिवसांत बुजवावा.

सिरॅमिकबद्दल तर मी ठाम आहे. गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात, त्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, ४०-५०. फिल्म एकटीच १५० ते २०० मायक्रॉनची. सिरॅमिकचा थर एक-दोन मायक्रॉन. पाणी निथळेल, धुणं सोपं जाईल, पण खडी त्याने अडणार नाही. टवक्यांवरचा उपाय म्हणून कुणी ते विकत असेल तर बहिणीने तिथून उठून यावं.

वाशीवाला
दादा, मी पूर्ण पीपीएफवाला आहे आणि तीन वर्षांनंतरही तो निर्णय बरोबर वाटतो. तुम्ही फक्त रस्त्यावरच्या खडीचा हिशेब केलात. गाडी दिवसातले बावीस तास उभी असते. आमच्या सेक्टरमध्ये ती झाडाखाली उभी असते आणि कावळ्यांची विष्ठा उन्हात दोन दिवस राहिली की क्लिअर कोटवर तिचा डाग कायमचा बसतो. छप्पर आणि डिकी, म्हणजे जे भाग तुम्ही उघडे ठेवायला सांगताय, तेच यात जातात.

दुसरं, सोसायटीतला गाडी पुसणारा. त्याची चूक नाही, त्याला दीड तासात वीस गाड्या करायच्या असतात. एक बादली, एक फडका. धूळ कोरडी पुसली की ती सँडपेपरचं काम करते. काळ्या गाडीवर उन्हात जी कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात ती तिथून येतात. गेल्या वर्षी पार्किंगमध्ये एका मुलाच्या सायकलचं हँडल माझ्या मागच्या दाराला घासलं. हात फिरवला तर ओरखडा लागत होता. दोन दिवस गाडी उन्हात ठेवली, फिल्मचा वरचा थर मऊ झाला आणि तो भरून आला. तो मुलगा आणि त्याची आई, दोघांशी माझे संबंध आजही चांगले आहेत, हेही त्या पैशांत आलं.

कळव्याचे काका
तुम्ही दोघे शिकलेले, तरी विचारतो. गाडी वापरायला घेतली की जपायला? माझी २००९ ची गाडी १४ वर्षं चालली. टवके पन्नासेक असतील. गंज कुठे आला? मागच्या चाकाच्या आतल्या कडेला, जिथे चिखल साचतो आणि जिथे तुमची फिल्म लागतच नाही.

आताचे बंपर प्लास्टिकचे, ते गंजत नाहीत. बऱ्याच गाड्यांचा पत्रा जस्ताचा थर दिलेला असतो. टवका पत्र्यापर्यंत गेला तरी आधी जस्त झिजतं, मग लोखंडाची पाळी येते. मग ९५ हजार कशासाठी? हप्ता भरून गाडी घ्यायची आणि तिच्या कातडीला आणखी एक हप्ता? त्या पैशांत चार उत्तम टायर येतील आणि तरी अर्ध्याहून जास्त पैसे उरतील. विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलेलं असताना जीव टायर वाचवतात.

आमच्या शेजाऱ्याने पीपीएफ म्हणून जे लावून घेतलं ते पीव्हीसी, म्हणजे साधं स्वस्त प्लास्टिक, निघालं. दोन वर्षांत पांढरी गाडी कडांना पिवळी. काढायला गेले तर एका दाराचा रंग फिल्मबरोबर निघून आला, कारण ते दार आधी एकदा रंगवलेलं होतं. त्या माणसाचा चेहरा मी पाहिलाय.

कासारवडवलीकर
काका, टायरबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य, बहिणीला तेही सांगेन. बंपरचंही मान्य. पण बॉनेट बहुतेक गाड्यांत पत्र्याचंच असतं, आणि माझ्या टवक्याला तीन महिन्यांत तांबूस कडा आली, हे डोळ्यांसमोर आहे. जस्त वेळ देतं, कायमचं राखत नाही. आमच्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि चार महिने गाडी वाळतच नाही.

वाशीवाले दादा, विष्ठेचं तुमचं बरोबर आहे. पण त्यावर ओला फडका त्याच दिवशी लागतो, त्यासाठी साठ-सत्तर हजार जास्तीचे लागत नाहीत.

मिसिसागा ते खारघर
नऊ वर्षं कॅनडात काढून परत आलोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. काका गंजाच्या ज्या जागेबद्दल बोलले ती जागा मला फार ओळखीची आहे.

तिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे पाणी लवकर गोठत नाही. साधं मीठ उणे नऊ-दहा अंशांच्या खाली फारसं काम करत नाही, म्हणून कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडही वापरतात. बर्फ पडायच्या आधीच मिठाचं पाणी रस्त्यावर फवारून ठेवतात. ते पाणी चाकांमुळे उडून पत्र्याच्या जोडांत शिरतं. मीठ स्वतः लोखंड खात नाही, पण खारट पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया वेगाने होते. त्यात मीठ हवेतली ओल ओढून धरतं, त्यामुळे जोड वाळत नाहीत. माझ्या पहिल्या गाडीच्या दाराखालची पट्टी सहाव्या हिवाळ्यानंतर मी बोटाने दाबली आणि बोट आत गेलं. वरून रंग शाबूत होता, फक्त एक फुगवटा आलेला.

तिथले जाणते लोक थंडीच्या आधी दरवर्षी गाडीच्या पोटाला तेलकट फवारा मारून घेतात. ते तेल जोडांत झिरपतं. घट्ट रबरासारखा काळा थर जुन्या गाडीवर मारला आणि खाली ओल किंवा गंज राहिला, तर तो आतल्या आत वाढत जातो. दारांच्या आणि पट्ट्यांच्या तळाला पाणी निघायला बारीक भोकं असतात, तीही घाईच्या कामात बुजतात.

आता मुद्दा. ठाण्या-नवी मुंबईत रस्त्यावर कुणी मीठ टाकत नाही. त्या देशातली भीती इथे आणून बहिणीला अंडरबॉडी कोटिंग विकू देऊ नका. कंपनीतून आलेल्या गाडीच्या पोटाला सीलर असतोच. खाडीकाठी राहता, हवा खारी आहे, मग पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा खालून प्रेशरने धुऊन घ्या आणि चाकांच्या कमानीतला चिखल हाताने काढा. मी एवढंच करतो. फिल्मच्या बाबतीत मी काकांच्या बाजूने आहे, लावलेली नाही.

घणसोलीची ताई
इतकी सगळी चर्चा वाचली आणि राग आला, तो तुमच्यावर नाही. अकरा टवके कुणी पाडले? ज्याने अर्धी ताडपत्री बांधून खडी रस्त्यावर आणली त्याने. आणि खर्च कुणी करायचा? ज्याच्या गाडीला लागली त्याने. हे आपण सगळ्यांनी निमूट मान्य केलंय.

मी स्कूटरवर शिळफाटा-महापे रस्त्याने जाते. मला कुठली फिल्म लावायची? मार्चमध्ये डंपरच्या मागून उडालेला खडा हेल्मेटच्या काचेवर बसला. काच खाली ओढलेली होती म्हणून डोळा वाचला. काचेला तारेसारखी चीर गेली, ती मी अजून बदललेली नाही, कारण रोज पाहिली की अंतर ठेवायची आठवण होते. माल रस्त्यावर सांडेल असा उघडा नेणं कायद्याला मान्य नाही. गाडीचा नंबर, वेळ, जागा दिसेल असा फोटो वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपवर टाकता येतो. फोटो मागे बसलेल्याने काढायचा, चालवणाऱ्याने नाही. आपल्यातल्या किती जणांनी एकदा तरी टाकलाय?

वाशीवाला
ताई, तुमचं म्हणणं मनापासून पटतं आणि काच कृपा करून आजच बदला, चीर गेलेली काच दुसरा खडा अडवणार नाही. पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत माझी गाडी त्याच रस्त्यावर असते. दोन्ही करायला काय हरकत आहे?

घणसोलीची ताई
हरकत नाही. पण लाखभर खर्च केलेला माणूस दुसरं करत नाही, हे मी आमच्या सोसायटीत पाहिलंय. त्याचा प्रश्न त्याच्यापुरता सुटलेला असतो. काच उद्या बदलते.

माजिवड्याचा डिटेलर
आधीच सांगतो, गाड्यांना फिल्म आणि कोटिंग लावणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे माझं बोलणं त्या हिशेबाने घ्या. तरी कासारवडवलीकरांशी मी बराचसा सहमत आहे. या फिल्मचा उगमच असा की व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांना रेती आणि दगडांपासून वाचवायला अशी पट्टी लावत. जिथे मार बसतो तिथेच. माझ्याकडे येणाऱ्या दहा गाड्यांपैकी सात-आठ जणांना पुढचा भाग पुरतो आणि मी तसं सांगतो.

पण एक दुरुस्ती. बॉनेटचा पुढचा हातभर पट्टाच करून देतात, तो घेऊ नका. मधोमध कड राहते, तिथे धूळ बसते आणि वर्षभरात काळी रेघ दिसते. बॉनेट पूर्ण घ्या आणि कडा आत वळवून घ्या. फिल्म गाडीवर ठेवून ब्लेडने कापणारा कारागीर असेल तर परत या, रंगावर पात्याची रेघ राहते. मशीनवर आधी कापलेली किंवा सुटी कापून लावणारा शोधा. रोलवरचं लेबल आणि वॉरंटीचा नंबर समोर बघा, टीपीयू लिहिलंय का वाचा. काकांच्या शेजाऱ्याचं जे झालं ते इथे टळतं. आणि दार रंगवलेलं असेल तर ते आम्हाला सांगायला लाजू नका. ताज्या रंगाला किमान महिनाभर तरी फिल्म लावत नाहीत.

सिरॅमिकवरचं '९एच' हे पेन्सिलीच्या शिशाच्या मापाने केलेलं कडकपणाचं मोजमाप आहे, खडीशी त्याचा संबंध नाही.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट रोज येते. मेट्रोचं आणि इमारतींचं काम, त्यामुळे मिक्सरमधून सांडलेलं सिमेंटचं पाणी. ते अल्कली असतं आणि वाळलं की क्लिअर कोट खातं. त्याला ओरबाडू नका. त्याच दिवशी भरपूर पाण्याने धुवा. सुकलं असेल तर फडका व्हिनेगरमध्ये भिजवून दहा मिनिटं ठेवा, मऊ होतं, मग पाण्याने काढा.

आणि फुकटातला उपाय सांगतो. खड्याचा मार वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० ऐवजी ८० ने गेलात तर तोच खडा जवळजवळ पावणेदोन पट जोराने बसतो. डंपर दिसला की मागे राहा. मधे कुणी घुसला तर घुसू द्या.

कळव्याचे काका
हा माणूस धंद्यातला असून खरं बोलतोय. माझं मत बदललेलं नाही, पण पोरीला करायचंच असेल तर याने सांगितलं तसं करावं. अजून एक. टवक्यांसाठी विम्याचा क्लेम करू नका. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जातो, तो एका बॉनेटच्या रंगापायी घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

वाशीवाला
मी अजूनही पूर्ण गाडीच म्हणेन. पण कासारवडवलीकर, तुम्ही टवका बुजवायचं सारखं म्हणताय. मी एकदा टच-अप पेन वापरला तर तिथे शाईचा थेंब पडावा तसा फुगवटा राहिला. टवक्यापेक्षा वाईट दिसतो. म्हणून म्हणतो, उघडा भाग ठेवणं इतकं सोपं नाही.

कासारवडवलीकर
पेनचा ब्रश जाड असतो, तो वापरायचाच नाही. काल सकाळी ऊन यायच्या आत मी माझा तो तांबूस टवका केला, तसाच सांगतो. आधी गाडी धुऊन सावलीत वाळवली. सुटलेला पापुद्रा टूथपिकने काढला. गंजाला फायबरच्या पेन्सिलीने हलकेच घासलं, खालचा पत्रा चमकेपर्यंत. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. प्रायमरचा थेंब दुसऱ्या टूथपिकच्या टोकावर घेऊन खड्ड्याच्या मध्यावर टेकवला, तो आपणहून कडेपर्यंत पसरतो. वाळल्यावर रंग, तोही एकदम भरायचा नाही. एक थेंब, अर्धा तास, पुन्हा एक थेंब, खड्डा जेमतेम भरेपर्यंत. शेवटी क्लिअर. हातभर अंतरावरून मला स्वतःला शोधावा लागतो. अकरातले चार झाले, सात राहिलेत.

रंग दुकानात "पांढरा द्या" म्हणून मागू नका, पांढऱ्यातही चार-पाच छटा असतात. कंपनीचा कलर कोड ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा बॉनेटखाली सापडतो, तो सांगून घ्या.

बहिणीशी बोललो. बॉनेट पूर्ण, बंपर, आरसे आणि खालची पट्टी, एवढंच घेतेय. अंडरबॉडी आणि सिरॅमिक नाही. डिटेलरदादा, ती तुमच्याकडे येईल तेव्हा रोलचं लेबल आधी बघणार आहे, राग मानू नका.

माजिवड्याचा डिटेलर
राग कसला? रोल मी तिच्यासमोरच उघडेन.

घणसोलीची ताई
काच बदलली. आणि आज सकाळी शिळफाट्याजवळ मागे बसलेल्या नणंदेने एका उघड्या डंपरचा फोटो काढला. तक्रार टाकली आहे, काही कळलं की इथे सांगेन.