मदत हवी आहे: राउटरच्या लॉगमध्ये सारखं 'पोर्ट स्कॅन'

त्रस्त_ठाणेकर: लॉगमध्ये सारखं 'पोर्ट स्कॅन' (म्हणजे कोणीतरी उघडी दारं चाचपतंय म्हणे), 'डॉस अटॅक: एसीके स्कॅन' येतंय. पासवर्ड बदलला, फरक शून्य. कोणी घुसलंय का? रात्री ऑफिसचा कॉल आहे, लवकर सांगा.

आळशी_बोका: कुठला पासवर्ड? वायफायचा की राउटरच्या अ‍ॅडमिनचा? आणि लॉगच्या ओळी टाका की. सोर्स आयपी, पोर्ट काहीच नाही, सांगणार काय?

गावठी_तंत्रज्ञ: फॅक्टरी रिसेट मारा, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) टाका. मी टाकल्यापासून एक अलर्ट नाही.

आळशी_बोका: अलर्ट नाही कारण तुमच्याकडे त्याची नोंदच होत नसेल. ठाणेकर, रिसेट नको, लॉग पुसला जाईल.

माई: १९३० ला फोन करा आधी.

आळशी_बोका: माई, तो नंबर ऑनलाइन पैसे गेले तर. इथे पैसे कुठे गेलेत?

त्रस्त_ठाणेकर: वायफायचा बदलला. घ्या ओळी:
एसीके स्कॅन, सोर्स १४२.२५०.*.*, सोर्स पोर्ट ४४३
पोर्ट स्कॅन, सोर्स बाहेरचा (दर वेळी वेगळा), टार्गेट पोर्ट २३
पोर्ट स्कॅन, सोर्स १९२.१६८.१.४३, टार्गेट पोर्ट २३

जुना_खोडकर: पहिली ओळ सोडून द्या. १४२.२५० गूगलचा, ४४३ म्हणजे एचटीटीपीएस. तुम्ही टॅब बंद केला, राउटर ते कनेक्शन विसरला, उशिरा आलेलं उत्तर त्याला हल्ला वाटलं. दुसरी सगळ्यांकडेच येते. २३ म्हणजे टेलनेट, दुरून लॉगिन करायची जुनी पद्धत. २०१३ मध्ये झेडमॅप हे स्कॅनिंगचं साधन आलं तेव्हाच एका मशीनवरून इंटरनेटवरचे सगळे आयपीव्ही४ पत्ते पाऊण तासात चाळता येत होते. फायरवॉल अडवतेय तोवर ठीक.

तिसरी मात्र तुमच्या घरातली आहे. .४३ कोण? राउटरच्या डीएचसीपीच्या यादीत (कुठल्या उपकरणाला कुठला आयपी दिलाय ती) बघा.

गावठी_तंत्रज्ञ: अँटिव्हायरस असेल. माझ्या लॅपटॉपवरचा घरचं नेटवर्क स्कॅन करतो.

जुना_खोडकर: तो घरातल्या घरात करतो. टार्गेट बाहेरचे आहेत का, ठाणेकर?

त्रस्त_ठाणेकर: हो, सगळे बाहेरचे. .४३ कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) निघाला. गावाहून बघता यावं म्हणून स्टॅटिक (कधी न बदलणारा) आयपी घेतलाय, फिटरने राउटरमध्ये काहीतरी उघडून दिलं होतं.

आळशी_बोका: हे आत्ता सांगताय!

जुना_खोडकर: मग बहुतेक मिराई हा व्हायरस किंवा त्याचाच भाऊबंद. २०१६ मध्ये असेच कॅमेरे-डीव्हीआर फॅक्टरी पासवर्डने काबीज करून डाइन या इंटरनेट कंपनीवर हल्ला झाला होता. आता क्रमाने करा. डीव्हीआरची लॅन केबल काढा, मग तो बंद-चालू करा. मिराई मेमरीत राहतो, रीस्टार्टने जातो. केबल तशीच ठेवून रीस्टार्ट केलंत तर काही मिनिटांत परत घुसेल. डीव्हीआरला स्क्रीन लावून त्याचा पासवर्ड बदला, नवं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) मिळालं तर टाका. राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग (फिटरने बाहेरून उघडून दिलेली वाट) काढा, यूपीएनपी बंद करा, नाहीतर डीव्हीआर स्वतःच पोर्ट उघडून घेईल. राउटरच्या अ‍ॅडमिनचा पासवर्डही बदला. केबल परत लावायची ती सगळ्यात शेवटी.

माई: आणि गावाहून कसं बघायचं मग?

जुना_खोडकर: राउटरमध्ये व्हीपीएन सर्व्हर (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट) असेल तर त्यातून. डीव्हीआरचं पोर्ट उघडायचं नाही.

मुलुंडचा_मोरू: स्टॅटिक आयपीचे महिन्याला किती घेतात हो तुमच्याकडे?

त्रस्त_ठाणेकर: केबल काढली, तिसरी ओळ थांबली. पण डीव्हीआरचा पासवर्ड फिटरकडे आहे आणि तो फोन उचलत नाही. आता?

आळशी_बोका: मॉडेल नंबर टाका. आणि पूर्ण टाका या वेळी.