मदत हवी आहे: नऊ वर्षांच्या भाचीला 'कोरलाइन' झेपेल का?

नील गेमन यांचं 'कोरलाइन' (2002) हे मुलांसाठीचं भीतीदायक पुस्तक कुणी मुलांना वाचून दाखवलंय का? भाचीला भुताखेताच्या गोष्टी आवडतात, पण रात्री दिवा मालवू देत नाही. मला धास्ती आहे ती त्यातल्या 'दुसऱ्या आई'ची, म्हणजे कोरलाइन या मुलीला घरातल्या एका दारापलीकडच्या जगात भेटणाऱ्या, तिच्या आईसारख्या दिसणाऱ्या बाईची. डोळ्यांच्या जागी काळी बटणं, लांबलचक बोटं सतत वळवळणारी, आणि लाडीगोडी लावून पोरीच्या डोळ्यांवरही बटणं शिवायला निघालेली! राक्षसिणीपेक्षा आईच्या रूपातली ही बाई जास्त अंगावर येते. तरी कोरलाइन घाबरलेली असूनही आईबाबांना तिच्या तावडीतून सोडवायला परत त्या जगात जाते, ते भाचीने वाचावं असं फार वाटतं. आधी हेन्री सेलिक यांचा 2009 चा चित्रपट दाखवू की थेट पुस्तकच? तुमची मुलं नेमकी कुठे घाबरली?