हॅचरीचा पिंक सॅमन: अलास्काने अंडी कमी करावीत का?

उत्तरवारा:
आधी एक खुलासा. हॉटेलच्या मेन्यूत ‘इंडियन सॅमन’ म्हणून जो येतो तो आपला रावस. इथे विषय खऱ्या सॅमनचा आहे, तोही अलास्कातल्या प्रिन्स विल्यम साउंड या आखातातल्या पिंक जातीचा.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अलास्कात सॅमनची आवक पार रसातळाला गेली होती. राज्याने १९७१ साली हॅचऱ्यांचं, म्हणजे अंडी उबवून पिल्लं सोडणाऱ्या केंद्रांचं, काम हाती घेतलं, १९७३ साली मासेमारीचे परवाने मर्यादित केले आणि १९७४ साली ना-नफा संस्थांना हॅचरी चालवायची मुभा दिली. आज राज्यातून दरवर्षी दीड अब्जाहून जास्त पिल्लं समुद्रात सुटतात. त्यांतला मोठा वाटा याच साउंडचा.

माझं मत: हॅचऱ्यांना पिंकची जितकी अंडी घ्यायची परवानगी आहे, ती कमी करा. अलास्कात जाळी सोडायची की नाही हे अंडी घालायला नदीत किती मासे चढले यावर ठरतं. पुरेसे चढले नाहीत तर ऐन हंगामातही मासेमारी बंद. पद्धत मला मनापासून पटते. पण साउंडमधले ओढे विमानातून मोजत आलेत, आणि हॅचरीचे मासे वाट चुकून त्याच ओढ्यांत शिरतात. वरून ठिपके मोजणाऱ्याला घरचा कोण नि उपरा कोण, कसं कळणार? ओढा भरलेला दिसतो, जाळी सुटतात, आणि अस्सल वाण कमी झालाय हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

वसईचा नाखवा:
उत्तरवारा, लिहिलंय छान, पण अर्धंच. हॅचरीच्या माशाच्या कानातल्या खड्यावर खूण असते. अंडी उबवताना पाण्याचं तापमान वरखाली करून वलयं उमटवतात. कारखान्यात आलेल्या मालातले नमुने काढून, खडे कापून, सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, तेही हंगाम चालू असताना. म्हणजे जाळ्यात हॅचरीचे किती आणि ओढ्याचे किती, ते मत्स्यखात्याला कळतं.

आणि हा खर्च करतं कोण? मच्छीमार स्वतःच्या विक्रीवर कर देतात. वर परत आलेल्या माशांतला काही हिस्सा विकून हॅचरी आपला खर्च काढते. १९८९ ला साउंडमध्ये जहाजातून तेल सांडलं, १९९३ ला तिथली हेरिंग मासळी कोसळली, ती काही पूर्वपदावर आली नाही. साउंडकाठच्या कॉर्डोव्हा या मच्छीमार गावाच्या धक्क्यावर जाऊन ‘पिंकही कमी करा’ म्हणून बघा एकदा.

उत्तरवारा:
नाखवा, तुम्ही जाळ्यातला मासा सांगताय, मी ओढ्यातला. तिथे खडे गोळा करायला मेलेले मासे शोधत ओढ्या-ओढ्यांतून हिंडावं लागतं. राज्य आणि हॅचरीवाल्यांनी मिळून पैसे घातलेल्या संशोधनातच दिसलं की ओढ्यात शिरलेल्या हॅचरीच्या पिंकला तिथल्या नैसर्गिक माशांपेक्षा कमी पिल्लं होतात. जागा अडवायची आणि वंश कमी वाढवायचा, हा तोटाच.

भिगवणकर:
आमच्या उजनीचं बघा. चिलापी आली आणि गावठी मासा बघायला मिळेना. एकदा पाण्यात सुटलेलं परत काढता येत नाही.

वसईचा नाखवा:
भिगवणकर, चिलापी परदेशची. साउंडमधली पिंक तिथलीच, अंडी आणि मिल्ट (नराचं वीर्य) तिथल्याच ओढ्यांच्या माशांची. हे मत्स्यपालनही नव्हे, पिंजऱ्यातली मत्स्यशेती अलास्काने १९९० सालीच बंद केली. पिल्लू समुद्रात जातं, स्वतः खातं, दुसऱ्या वर्षी परत येतं.

पाऊसगाव (सिअॅटल):
‘स्वतः खातं’ यातच खरी मेख आहे. खातं कुणाचं? उत्तर पॅसिफिकमध्ये संख्येने बघितलं तर सॅमनमध्ये पिंकच सगळ्यांत जास्त, सुमारे ७० टक्के. एकाच ताटात सगळे जेवताहेत. युकॉन नदीवर किंग जातीचा सॅमन इतका घटला की २०२४ साली अलास्का आणि कॅनडाने सात वर्षं त्याची मासेमारी थांबवायचं ठरवलं. सगळं खापर पिंकवर फोडता येणार नाही, पाणी तापलंय, रोगही आहे. पण नदीकाठी वाळवणाच्या रिकाम्या काठ्या बघणाऱ्या घरांनी हा प्रश्न विचारला तर चुकलं काय?

आणि अलास्कातल्याच ब्रिस्टल बेमध्ये एकही हॅचरी नाही. २०२२ साली तिथे ७.९ कोटी सॉकाय (सॅमनचीच दुसरी जात) आले, आजवरचा विक्रम. नद्या आणि तळी शाबूत ठेवली, एवढंच.

वसईचा नाखवा:
ब्रिस्टल बेला मोठाली तळी आहेत, साउंडला आखूड ओढे. त्यात १९६४ च्या भूकंपात तिथली जमीन कुठे उचलली गेली, कुठे खचली, आणि भरतीच्या पट्ट्यातल्या अंडी घालायच्या जागा बिघडल्या. दोघांना एकच माप लावू नका.

ताटाचं म्हणाल तर रशिया-जपानही पिल्लं सोडतात. आपण हात आखडला तर ते कमी करतील?

उत्तरवारा:
शेजारी ढकलतोय म्हणून आपणही ढकलायचं, हे काही उत्तर नाही. पण भूकंपाचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यात नव्हता. म्हणून एकदम बंद म्हणत नाही. पिंक दोन वर्षांत परततो, सम आणि विषम वर्षांचे मासे वेगळे. चार वर्षं पाव हिस्सा अंडी कमी घ्या, म्हणजे दोन्ही रांगा दोनदा तपासता येतील, आणि तेवढा काळ ओढ्यांतले खडे नीट गोळा करा.

वसईचा नाखवा:
चार वर्षं पाव हिस्सा कमी, ठीक. हॅचऱ्यांनी राज्याकडून कर्जं घेतलीत. त्या चार वर्षांचे हप्ते कोण भरणार, तेवढं लिहा. मी जागा आहे.