बोटातल्या थेंबावर देशाचा रक्तक्षय मोजावा का?

प्रयोगशाळेतून (धागालेखिका)

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे या वयातली ६७ टक्के बालके रक्तक्षयी आहेत, म्हणजे त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन ठरलेल्या रेषेपेक्षा कमी आहे. त्याआधीच्या फेरीत (२०१५-१६) हे आकडे अनुक्रमे ५३ आणि सुमारे ५९ टक्के होते. महाराष्ट्रात तर स्त्रियांमधले प्रमाण ४८ वरून ५४ टक्क्यांवर आणि बालकांमधले सुमारे ५४ वरून ६९ टक्क्यांवर गेलेले दिसले. पुढे सहाव्या फेरीतून हिमोग्लोबिनची तपासणी वगळण्यात आली आणि शिरेतील रक्तावर आधारित स्वतंत्र पाहणीचे काम हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेकडे गेले. या निर्णयावर जी चर्चा झाली ती बहुतांशी सरकारच्या हेतूंविषयी झाली. मापनाविषयी फारसे कोणी बोलले नाही, म्हणून हा धागा काढत आहे. माझ्या मते तपासणीची पद्धत बदलणे योग्यच होते आणि ते खरे तर दहा वर्षे आधी व्हायला हवे होते.

पाहणीत वापरली जाणारी पद्धत साधी आहे. बोटाच्या टोकाला लॅन्सेट (टोचण्याची छोटी सुई) टोचायचे, पहिले एक-दोन थेंब पुसून टाकायचे, पुढचा थेंब क्युवेटमध्ये (आत रसायन असलेल्या छोट्या पारदर्शक पट्टीत) घ्यायचा आणि ती हिमोक्यू यंत्रात ठेवून आकडा वाचायचा. यंत्र चांगले आहे. उणीव आहे ती थेंबात. रक्त सहज येत नसेल तर बोट दाबले जाते, आणि दाबलेल्या बोटातून रक्ताबरोबर पेशींभोवतीचा द्रवही येतो, त्यामुळे रक्त पातळ होऊन हिमोग्लोबिन कमी दिसते. हात गार असेल, त्वचा कामाने राठ झाली असेल, टोचणे उथळ झाले असेल, तर दाबावेच लागते. त्याच व्यक्तीच्या त्याच बोटातले लागोपाठचे दोन थेंबही वेगवेगळे आकडे देतात. क्युवेटचा डबा उघडला की आतले रसायन दमट हवेने खराब होऊ लागते. आणि महाराष्ट्रातले पाचव्या फेरीचे काम २०१९ च्या जून ते डिसेंबर या काळात झाले, म्हणजे जवळजवळ सगळा पावसाळा त्यात आला.

याच्या शेजारी २०१६-१८ ची समग्र राष्ट्रीय पोषण पाहणी ठेवून पाहावी. तिच्यात शिरेतले रक्त घेऊन ते थंड पेटीतून प्रयोगशाळेत पाठवले होते. त्या पाहणीत एक ते चार वर्षे वयाच्या बालकांमधला रक्तक्षय ४१ टक्के निघाला. एक-दोन वर्षांच्या अंतराने, एकाच देशात, एकीकडे ५९ आणि दुसरीकडे ४१. यातल्या कोणत्या आकड्यावर लोहाच्या गोळ्यांची खरेदी ठरवायची?

आकड्यांची_वही

आपल्या मांडणीतला तपशील बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

पहिली गोष्ट, ५९ आणि ४१ यांची थेट तुलना होत नाही. कुटुंब आरोग्य पाहणीत सहा ते अकरा महिन्यांची बालके धरली आहेत, पोषण पाहणीच्या त्या आकड्यात ती नाहीत, आणि रक्तक्षय सर्वाधिक आढळतो तो साधारण याच वयाच्या आसपास. अठरा टक्क्यांची सगळी तफावत थेंबाच्या नावावर लिहिणे म्हणजे ज्या काटेकोरपणाची आपण मागणी करता तोच सोडून देणे होय.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. चौथ्या आणि पाचव्या, दोन्ही फेऱ्यांत बोटातलाच थेंब घेतला होता. पद्धत जर हिमोग्लोबिन नेहमीच डेसिलिटरमागे अर्ध्या ग्रॅमने कमी दाखवत असेल तर ती दोन्ही वेळा अर्ध्या ग्रॅमनेच कमी दाखवेल. प्रत्यक्ष पातळी चुकेल, पण बदलाची दिशा चुकणार नाही. घरातला वजनकाटा दोन किलो जास्त दाखवत असला तरी महिनाभरात वजन वाढले की घटले हे त्याच काट्यावर कळते. आता सहाव्या फेरीत काटाच बदलला आणि वीस वर्षांहून अधिक काळ जपलेली मालिका तुटली. वाढ खरी होती की भासमान, हे तपासण्याची संधी नेमकी वाढ दिसल्यानंतर हातून गेली, याचे मला मनापासून दुःख आहे.

प्रयोगशाळेतून

वयोगटाचा आक्षेप मान्य. ते मी धाग्यातच लिहायला हवे होते.

वजनकाट्याचा दाखला मात्र इथे लागू पडत नाही, कारण काटा तोच असतो आणि त्यावर उभी राहणारी व्यक्तीही तीच असते. इथे दर फेरीला टोचणारे हात नवे असतात, प्रशिक्षण नवे, ऋतू वेगळा. चूक दोन्ही वेळा सारखीच होती हे गृहीत धरता येत नाही. ते मोजून दाखवावे लागते.

शिवाय आपण फक्त एका बाजूला झुकणाऱ्या चुकीचा विचार केला आहे. कधी वर, कधी खाली अशी विखुरलेली चूक सरासरीत एकमेकींना खोडून काढते, म्हणून ती निरुपद्रवी समजली जाते. सरासरीपुरते ते खरेही आहे, परंतु आपण सरासरी छापतच नाही; आपण बाराच्या रेषेखाली (डेसिलिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन, म्हणजे स्त्रियांमधला रक्तक्षय) किती जणी आहेत ते छापतो. समजा, एखाद्या गटातील स्त्रियांचे खरे हिमोग्लोबिन सरासरी १२.५ आहे आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप) १.२ आहे. मग बाराखाली सुमारे ३४ टक्के स्त्रिया येतात. आता मोजणीत ०.९ विचलनाची निव्वळ विखुरलेली चूक मिसळली, तर एकूण विचलन १.५ होते आणि प्रमाण ३७ टक्क्यांवर जाते. त्यावर बोट दाबल्यामुळे सरासरी फक्त ०.३ ने खाली आली की तेच प्रमाण ४५ टक्के होते. एकाही स्त्रीच्या रक्तात काहीही बदललेले नाही.

तीव्र रक्तक्षयाचे तर विचारूच नये. याच कल्पित गटात आठच्या (तीव्र रक्तक्षयाच्या रेषेच्या) खाली खरोखर सुमारे अकरा हजारांत एक स्त्री असेल, पण केवळ त्या विखुरलेल्या चुकीमुळे ती साधारण साडेसातशेंत एक दिसू लागेल. ज्यांना तातडीने रुग्णालयात पाठवायचे, त्यांचीच संख्या मापनातल्या गोंधळामुळे सर्वांत जास्त फुगते.

माजी_परिचारिका

मी तीस वर्षांहून अधिक काळ ग्रामीण आरोग्यसेवेत काढली आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडे सांगावेसे वाटते.

आम्ही नोकरीला लागलो तेव्हा साहलीची पद्धत होती. नळीत सौम्य आम्ल घ्यायचे, त्यात रक्त मिसळायचे, आणि शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत थेंबाथेंबाने पाणी घालत जायचे. एकच नळी एका सिस्टरने वाचली तर साडेनऊ, दुसरीने वाचली तर साडेदहा. ढगाळ दिवशी रंग निराळा, खिडकीजवळ निराळा. वहीत ९, ९.५, १० असेच आकडे भरलेले असायचे, कारण ९.३ लिहिण्याइतकी खात्री कोणालाच नसायची. त्या मानाने बोटाचा थेंब आणि यंत्र आले तेव्हा आम्हाला मोठाच आधार वाटला.

आता शिरेतल्या रक्ताविषयी. दंडाला पट्टा बांधून सुईने रक्त काढायचे म्हटले की वस्तीवर पहिला प्रश्न येतो, "एवढं रक्त कशाला?" बोटाला टोचून घ्यायला जी बाई तयार होते ती नळी पाहून घरात निघून जाते, आणि लहान मुलाच्या बाबतीत सासू, नवरा, सगळ्यांची समजूत घालावी लागते. नकार देणाऱ्या स्त्रिया आणि होकार देणाऱ्या स्त्रिया सारख्याच असतात असे आपण मानता का? माझ्या अनुभवात आधीच थकलेली, "माझ्या अंगात रक्तच नाही" म्हणणारी बाई सर्वांत आधी नकार देते. तीच गळाली, तर उरलेल्यांचे रक्त कितीही काटेकोरपणे मोजा, उत्तर चुकणारच.

पट्टा फार वेळ आवळून ठेवला तर शिरेतले रक्तही दाट होते आणि आकडा वर जातो. नमुना वाटेत तापला किंवा हादरला तर पेशी फुटतात. म्हणजे शिरेतून काढले की खरे आणि बोटातून काढले की खोटे, असे नाही.

नंदुरबारकर

मला दोन्ही बाजूंचा वाद थोडा बाजूला ठेवून एक मुद्दा मांडायचा आहे. पुन्हा पुन्हा मोजल्यावर तोच आकडा येणे ही विश्वासार्हता झाली. त्या आकड्यावरून आपण जे अनुमान काढतो ते योग्य असणे ही यथार्थता, आणि ती निराळी गोष्ट आहे. आमच्या भागात आणि गडचिरोलीकडे सिकलसेलचे (तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण आहेत. त्यांचे हिमोग्लोबिन शिरेतून, उत्तम यंत्रावर, दहा वेळा मोजले तरी दहाही वेळा कमीच येईल; पण त्यावरून "लोह कमी आहे" असे म्हणणे चूक ठरेल. पोषण पाहणीत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) तपासले होते म्हणून लोहाची कमतरता वेगळी कळली, आणि एक ते चार वर्षांच्या बालकांत ती ३२ टक्के निघाली. नुसत्या हिमोग्लोबिनच्या टक्केवारीवरून सर्वांच्या ताटात लोहयुक्त तांदूळ वाढण्याचे धोरण आखताना हा फरक कुठेतरी हरवला, असे मला वाटते.

आणि मुळात ती बाराची रेषा तरी किती पक्की आहे? २०२१ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात भारतीय संशोधकांनी याच पोषण पाहणीतील निरोगी मुलामुलींच्या आधारे सीमारेषा नव्याने काढल्या. त्या प्रचलित रेषांपेक्षा बहुतेक वयांत एक ते दोन ग्रॅमने खाली आल्या, आणि एक ते एकोणीस वयोगटातला रक्तक्षय ३० टक्क्यांवरून सुमारे ११ टक्क्यांवर आला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२४ मध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांसाठी रेषा ११ वरून १०.५ वर आणली.

आकड्यांची_वही

रेषेचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण तो मापनाचा नाही, त्यामुळे त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा, ही विनंती.

धागालेखिकेचे गणित मी वहीत करून पाहिले आणि ते बरोबर आहे. विखुरलेल्या चुकीमुळे टक्केवारी फुगते हे मी पुरेसे लक्षात घेतले नव्हते. तरीही माझा आक्षेप कायम आहे, फक्त आता तो नेमका करतो. जुनी पद्धत सोडण्यापूर्वी एका फेरीत, काही हजार व्यक्तींपुरती तरी, दोन्ही पद्धती त्याच व्यक्तीवर, त्याच दिवशी वापरायला हव्या होत्या. मग जुने आकडे नव्या पद्धतीच्या भाषेत वाचता आले असते. अशी तुलना करताना दोन पद्धतींचा सहसंबंध (दोन्ही आकडे किती बरोबरीने वर-खाली होतात ते) किती हे सांगून चालत नाही, हे ब्लँड आणि आल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्येच दाखवून दिले आहे; एक पद्धत सतत एक ग्रॅम कमी दाखवत असली तरी सहसंबंध पूर्ण एक येऊ शकतो. प्रत्येक व्यक्तीच्या दोन आकड्यांतला फरक काढावा, तो फरक किती आणि कोणत्या मर्यादांत पसरला आहे ते पाहावे, आणि हिमोग्लोबिन कमी असणाऱ्यांत तो निराळा वागतो का, हेही तपासावे.

प्रयोगशाळेतून

याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि आपल्या मागणीत मी एक भर घालते. त्यातल्या काही जणींचा बोटातला थेंब दोन वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांनी, एकमेकींचा आकडा न पाहता घ्यावा. उंची-वजनाच्या प्रशिक्षणात मोजमाप करणाऱ्यांची अशी परीक्षा घेण्याची पद्धत आहे. रक्ताच्या बाबतीत तिचा आग्रह तेवढा धरला जात नाही.

माजी परिचारिकांच्या नकाराच्या मुद्द्याला मात्र माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. नकार देणाऱ्यांचे वय, शिक्षण, घरची स्थिती यांची नोंद असते आणि त्यावरून काही अंशी दुरुस्ती करता येते. पण ज्या थकव्यामुळे त्या नकार देतात तो या रकान्यांत बसत नाही. तरीही शिरेतल्या रक्ताचा आग्रह मी सोडणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२४ ची शिफारसही तीच आहे.

माजी_परिचारिका

मग माझे एवढे ऐका. शिरेतून रक्त द्यायला नकार देणाऱ्या प्रत्येकीला बोटाच्या थेंबाचे तरी विचारा, आणि तो आकडा वेगळ्या रकान्यात ठेवा. टक्केवारीत मिसळू नका. दोन्ही देणाऱ्यांचा थेंब आणि नुसताच थेंब देणाऱ्यांचा थेंब शेजारी ठेवलात, तर गळालेल्या बायका खरोखर अधिक अशक्त होत्या का, ते कळेल. त्यासाठी जास्तीचे लागेल ते एक लॅन्सेट, एक क्युवेट आणि पाच मिनिटे. मात्र क्युवेटच्या डब्यावर तो उघडल्याची तारीख लिहिण्याची सक्ती करा. ती लिहिलेला डबा माझ्या पाहण्यात फार क्वचित आला.