अमिओडॅरोन + डिगॉक्सिन चालू आहे, घरी नाडी कशी मोजायची?

तासगावकर: वडील ६८ वर्षांचे, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार). परवा मिरजेहून घरी आणलं. अमिओडॅरोन (ठोक्यांची लय सांभाळणारी) २०० मिलीग्रॅम, डिगॉक्सिन (ठोक्यांचा वेग कमी करणारी) अर्धी गोळी, लघवीची गोळी. नाडी ६०च्या खाली असेल तर डिगॉक्सिन द्यायची नाही, असं सांगितलंय. बीपी मशीनवर आधी ५४ आली, लगेच पुन्हा घेतली तर ८१. कोणता आकडा धरायचा? आणि फाइलवर ग्रेपफ्रूट बंद लिहिलंय, इथे तर द्राक्षांचा सीझन आहे.

सिस्टर_मिरज: दोन्ही धरू नका. ठोके अनियमित असले की मशीन चुकतं, बोटाचं ऑक्सिमीटरही. मनगटावरही कमीच लागते, कारण घाईत पडलेला ठोका तिथवर पोचत नाही. साधा स्टेथोस्कोप घ्या. पाच मिनिटं शांत बसवा, डाव्या स्तनाग्राच्या जरा खाली ठेवा. 'लब-डब' मिळून एक ठोका. घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणणं या आजारात चालत नाही. ६०च्या खाली आली तर गोळी न देता तासाभराने परत मोजा, तरी कमीच असेल तर डॉक्टरांना फोन. बसल्या जागी १२० च्या वर राहिली तरी फोन.

जेवण नकोसं, मळमळ, पिवळसर दिसणं ही डिगॉक्सिन जास्त झाल्याची खूण. घरचे 'पित्त झालं' म्हणून चार दिवस घालवतात, तेच करू नका. जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच कळवा: लघवीच्या गोळीने पोटॅशियम आधीच उतरतं, त्यात ते आणखी कमी झालं की तेवढीच डिगॉक्सिन विषारी ठरते.

औषधवाला_कराड: द्राक्षं खाऊ द्या. ग्रेपफ्रूट हे पपनसाच्या नात्यातलं फळ, त्याने अमिओडॅरोन रक्तात वाढतं, पपनसही टाळा. खरा धोका गावातल्या चिठ्ठीचा. घसा धरला म्हणून अझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन, उलटीला ऑन्डान्सेट्रॉन: अमिओडॅरोनबरोबर यांनी ईसीजीतलं क्यूटी अंतर (ठोक्यानंतर हृदयाला सावरायला लागणारा वेळ) लांबून जीवघेणी लय सुरू होऊ शकते. कुठलीही नवी गोळी घेण्याआधी चालू औषधांची यादी दाखवा.

तासगावकर: वॉर्फरिन (रक्त पातळ करणारी गोळी) २ मिलीग्रॅम लिहायचं राहिलं. आणि ते रोज बागेत जातात, चालेल?

सिस्टर_मिरज: वॉर्फरिन राहायला नको होतं, दादा! अमिओडॅरोनने त्याचा जोर काही आठवडे हळूहळू वाढत जातो. सुरुवातीला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) दर आठवड्याला करा, डोस डॉक्टरच कमी करतील. मेथी-पालक बंद करू नका, पण आठवड्याला तेवढीच ठेवा. काळी शी झाली, हिरड्यांतून रक्त आलं तर वाट बघू नका, लगेच दाखवा.

बागेत सकाळी लवकर, पूर्ण बाह्या आणि टोपी; अमिओडॅरोनने ऊन भाजतं. टीएसएच (थायरॉइडची) आणि लिव्हरची तपासणी दर सहा महिन्यांनी. कोरडा खोकला किंवा धाप नव्याने लागली तर लगेच दाखवा. गोळी बंद केली तरी औषध अंगात महिनोन्‌महिने राहतं, म्हणून नंतरही लक्ष ठेवा. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका. चक्कर येऊन पडले तर १०८.