तातडीने मदत हवी आहे: क्रूझवर इस्त्री नेता येते का?

सायली_ठाणे
शुक्रवारी निघतोय, त्यामुळे कृपया लवकर उत्तरं द्या.
१. क्रूझवर छोटी इस्त्री नेता येते का? सासूबाईंच्या साड्या सगळ्या कॉटनच्या आहेत आणि चुरगळलेली साडी त्या नेसत नाहीत.
२. एका रात्री 'फॉर्मल' जेवण आहे म्हणे. साडी चालेल ना?
३. टिप किती द्यायची?
एजंट फोन उचलत नाहीये. प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनीच लिहा, प्लीज.

मंदार_के
कुठून कुठे? किती रात्री? सोबत कोण आहे? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

सायली_ठाणे
सिंगापूरहून, चार रात्री. पेनांग, फुकेत, परत सिंगापूर. आम्ही दोघं, सासू-सासरे आणि माझी आई. पण इस्त्रीचा याच्याशी काय संबंध?

दर्यावर्दी
इस्त्री कुठल्याच जहाजावर नेऊ नका. मर्चंट नेव्हीत इंजिनिअर म्हणून आयुष्य काढलंय. भर समुद्रात बुडण्यापेक्षा आगीची भीती जास्त असते. इस्त्री, किटली, एक्स्टेंशन बोर्ड, मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन यातलं काही चढतानाच्या तपासणीत सापडलं की काढून घेतात आणि साधारणपणे शेवटच्या दिवशी परत देतात. साडी आदल्या रात्री बाथरूममध्ये हँगरला लावा, गरम शॉवर सोडून दार लावून घ्या, सुरकुत्या बऱ्याच जातात. नाहीतर लाँड्रीत पैसे देऊन इस्त्री करून मिळते. आणि ओल्या साड्या बाल्कनीच्या कठड्यावर वाळत घालू नका. वाऱ्याने उडून खालच्या बाल्कनीत जातात, आणि नियमातही बसत नाही.

वैशाली_कोथरूड
फॉर्मलला साडी उत्तम! पुरुषांना कॉलरचा शर्ट आणि फुल पँट पुरे. माझा सल्ला एकच, मॅग्नेटचे हुक घ्या. केबिनच्या भिंती बहुतेक पत्र्याच्या असतात, हुक पटकन चिकटतात. टोप्या, पिशव्या, ओले टॉवेल सगळं त्यावर राहतं. केबिनमध्ये जागा फार कमी असते, हुकांशिवाय मी जातच नाही.

मंदार_के
सायली, संबंध आहे. इस्त्रीपेक्षा मोठा प्रश्न व्हिसाचा. जहाज सिंगापूर सोडतं तेव्हा तुम्ही देशाबाहेर पडता आणि परतताना पुन्हा प्रवेश करता. सिंगल एंट्री व्हिसा असेल तर अडकाल. आजच कागद काढून पाहा. परत येतानाही 'एसजी अरायव्हल कार्ड', म्हणजे सिंगापूर प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म, नव्याने भरावं लागतं, प्रवेशाच्या आधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे, पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर बंद करा.

सायली_ठाणे
पाहिलं, पाचही व्हिसांवर 'मल्टिपल' आहे. कार्ड दुसऱ्यांदा भरायचं हे एजंटने सांगितलंच नव्हतं. खूप आभार. टिपचं कुणीतरी सांगा ना.

राजेश_नाशिक
टिप रोज माणशी ठरावीक रक्कम धरून आपोआप तुमच्या जहाजावरच्या बिलात चढते. रिसेप्शनला जाऊन काढून टाकायला सांगा. तिकिटाचे पूर्ण पैसे मोजल्यावर वर कशाला द्यायचे? आणि पहिल्या दिवशी सेफ्टी ड्रिलला बोलावतात, ज्येष्ठांना त्यात दमवू नका. केबिनमध्ये पडून राहायचं.

दर्यावर्दी
राजेशराव, दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. ती रक्कम केबिन आवरणाऱ्या आणि जेवण वाढणाऱ्या मुलांच्या पगाराचा भाग असते. त्यात आपल्या गोव्याची, कोकणातली कितीतरी पोरं आहेत. सहा-आठ महिन्यांचं काँट्रॅक्ट, आठवड्याची सुट्टी नाही. सेवा वाईट मिळाली तर तक्रार जरूर करा, पण सरसकट काढू नका.

ड्रिलबद्दल तर स्पष्टच सांगतो. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटली, ३२ जण गेले. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल झालीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे २४ तासांत घेतली तरी चालायचं. त्यानंतर नियम बदलला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावीच लागते. सात लहान भोंगे आणि एक लांब, म्हणजे आपल्या मस्टर स्टेशनला, संकटात जमायच्या ठरलेल्या जागी, जायचं. ते स्टेशन कुठे आहे हे पाचही जणांनी पायाने चालत जाऊन बघा. धोक्याच्या वेळी लिफ्ट वापरायची नसते.

राजेश_नाशिक
ड्रिलचं मान्य. टिपचं नाही. पगार देणं कंपनीचं काम आहे.

आबा_रत्नागिरी
दर्यावर्दींचं अगदी पटलं. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या घरात तिचं नाव अजून हळू आवाजात घेतात. पुढे आम्ही मुंबईहून बोटीने गावी यायचो, तेव्हा बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावात उतरावं लागायचं. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी हात धरून घ्यायचा. म्हातारी माणसं फार घाबरायची.

मंदार_के
आबांच्या पडावावरून आठवलं. फुकेतला जहाज बऱ्याचदा धक्क्याला लागत नाही, टेंडरने, म्हणजे छोट्या बोटीने किनाऱ्यावर जावं लागतं. सायली, ज्येष्ठांना चालायला त्रास आहे का?

सायली_ठाणे
सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, व्हीलचेअर सांगून ठेवली आहे. सासऱ्यांना डायबिटिस, इन्सुलिन चालू आहे.

मंदार_के
मग आधी हे लिहायला हवं होतं! टेंडरवर व्हीलचेअर नेता येईलच असं नाही, लाटा असल्या तर नाहीच. पेनांगला जहाज जॉर्जटाउनच्या धक्क्याला लागतं, तिथे सासूबाईंना खुशाल उतरवा. इन्सुलिन, बाकी औषधं आणि प्रिस्क्रिप्शन हँडबॅगेतच ठेवा, कारण मोठ्या बॅगा केबिनपर्यंत पोचायला संध्याकाळ होते. केबिनचा फ्रीज बऱ्याचदा नुसता कूलर असतो, जहाजावरच्या दवाखान्यात ठेवून घेतात का ते विचारा. तिथला डॉक्टर महाग असतो. इन्शुरन्समध्ये क्रूझ धरली आहे का?

आणि वेळ! थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. जहाजाची घड्याळं सिंगापूरच्या वेळेवरच ठेवली आणि तुमच्या फोनने आपोआप फुकेतची वेळ घेतली, तर फोनवर चार वाजलेले असताना जहाजावर पाच झालेले असतात. उतरताना 'शिप टाइम' विचारा, एक साधं मनगटी घड्याळ त्यावर लावा. उशीर झाला तर जहाज थांबत नाही. फोन समुद्रात फ्लाइट मोडवर ठेवा, जहाजाच्या नेटवर्कचं रोमिंग भयंकर महाग आहे.

वैशाली_कोथरूड
जेवायला जाताना साबणाने हात धुवा. पोटाच्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. उलटी होण्याचा त्रास असेल तर आलेपाक न्या.

दर्यावर्दी
मलाक्काच्या सामुद्रधुनीत पाणी बहुधा शांत असतं, एका बाजूला सुमात्रा आडवं आहे. तरी मळमळलं तर मधल्या भागात, खालच्या डेकवर जा किंवा बाहेर येऊन क्षितिजाकडे बघा. ज्येष्ठांना मळमळीची गोळी त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच.

सायली_ठाणे
एजंट अखेर बोलला. फुकेतला टेंडरच आहे. सासूबाई आणि आई जहाजावरच थांबतील, आम्ही तिघं जाऊ. शेवटचा प्रश्न: सासऱ्यांची तंबाखूची पुडी आणि आईने केलेले अनारसे बॅगेत चालतील ना?

मंदार_के
तंबाखू अजिबात नको. गुटखा, खैनी, जर्दा, कुठलीही चघळायची तंबाखू सिंगापुरात आणायला बंदी आहे, स्वतःसाठी असली तरी. अनारशांना खसखस असते आणि तिथे खसखशीवर बंधनं आहेत, तेही घरीच ठेवा. घरचं जेवण बरीच जहाजं चढू देत नाहीत, कंपनीचा सीलबंद सुका खाऊ सहसा चालतो.

सायली_ठाणे
बाबांना आज रात्रीच सांगते. ते ऐकतील, पण चार दिवस तंबाखूशिवाय कसे काढायचे हे डॉक्टरांना उद्या विचारावं लागेल.